निजवायची राहिलेली चूल

१

दुपार झाली की मनकर्णाबाईच्या घरात तीन आवाज ओळीने यायचे. आधी अंगणात खुशालरावांच्या वहाणांचा, मग रांजणातून पाणी घेतल्याचा, आणि शेवटी पाट सरकवल्याचा. पंचवीस वर्षांच्या संसारात यात कधी खंड पडला नव्हता. भातकुलीच्या अलीकडे दोन कोसांवर त्यांचं गाव. घरची काळी जमीन. एका बैलजोडीच्या आता तीन झाल्या होत्या. साहेबाच्या मुलखापलीकडे कुठे लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं होतं. कोण कोणाशी लढतंय हे गावात एकालाही ठाऊक नव्हतं. लढाई चालू राहो, एवढं मात्र सगळे हात जोडून मागत होते.

माघातल्या जत्रेहून परतल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसाची गोष्ट. खुशालराव वावरातून आले, पाय धुतले, पाटावर बसले. मनकर्णाबाईने ताट पुढे ठेवलं. ज्वारीची ऊन भाकर, हिरव्या तुरीच्या दाण्यांची भाजी, वर तेलाची धार. खुशालरावांनी ताटाकडे पाहिलं, ढेकर दिला आणि उठले.

"काहून? काय झालं?" मनकर्णाबाईने विचारलं.

"जेवलो न मी."

"जेवले? कुठं जेवले?"

खुशालराव गोंधळले. कपाळाला आठ्या घालून आठवायला लागले, आणि आठवेना तसे चिडले. "जेवलो म्हनतो न! पोट भरलं हाय. आता जबरदस्तीनं कोंबू काय?"

मनकर्णाबाईने ताट उचललं. माणूस आहे, असेल एखाद्याच्या वावरात हुरडा खाल्लेला. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी ताट वाढावं तर "दुपारचंच अजून जिरलं नाई" म्हणत. ताक घ्यायचे, पाणी प्यायचे, बस्स. भाकरीला हात नाही.

२

घरात खुशालरावांची थोरली बहीण होती, पार्बताबाई. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, जिभेला हाड नसलेली, पण भावजयीवर पोटच्या पोरीसारखा जीव.

"बाई ठेवली असन लेकाच्यानं," पार्बताबाई एक दिवस सरळच म्हणाली. "कापसाचा पैसा आला की मानसाले दुसरी चूल सुचते. तू काय बसली इथं भाकरी थापत? जाय, पाहून ये."

मनकर्णाबाईला ते लागलं. लागणारच. तोंडाने "तुमी बी काय बोलता बाई" म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर यायच्या आत पदर खोचून वावराच्या वाटेला लागली. तुरीच्या आडोशाने गेली. तिच्या मनात गावातल्या दोन-तीन बायांची तोंडं येऊन गेली, त्यातल्या एकीशी तिने मनातल्या मनात भांडूनही घेतलं.

खुशालराव एकटेच होते. बाभळीखाली मांडी घालून बसले होते. पुढ्यात काही नव्हतं, नुसती ढेकळं. त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता आणि तोंड हलत होतं. चावत होते ते. सावकाश, चवीने, मध्येच थांबून गिळत होते. एकदा त्यांनी मान डावीकडे वळवली आणि हाताने नको-नको केलं, पंगतीत वाढणाराला करतात तसं. मग हसले, आणि पुन्हा चावायला लागले.

मनकर्णाबाई तुरीआडून पुढे सरकली. हाक मारावी असं वाटलं, पण जेवत्या माणसाला कशी हाक मारायची, असं काहीतरी वेडंवाकडं मनात आलं आणि ती तशीच मागे फिरली.

घरी आल्यावर खुशालरावांनी ओसरीवर अंग टाकलं. तिने जवळ जाऊन त्यांचा उजवा हात उचलला आणि हुंगला. हाताला गोवरीच्या राखेचा वास होता, आणि तुपाचा.

३

दीड-दोन महिन्यांत खुशालरावांचं मनगट कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीगत झालं. मग गाव हललं. भातकुलीहून वैद्य आले, त्यांनी जिभेपासून टाचेपर्यंत सगळं पाहिलं आणि पुड्या दिल्या. बार्शीटाकळीचा कोणी जाणता आला, त्याने अंगारा दिला. शेजारीपाजारी रोज विचारायला यायचे, "काल तरी काही खाल्लं का?" ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. खुशालराव मात्र गादीवर पडून शांतपणे सांगायचे, "अरे बापहो, जेवतो न मी रोज! तुमी काहून घोर करून राहिले?"

मनकर्णाबाई रोज दुपारी ताट वाढायची आणि रोज उचलून ठेवायची. रडायची चुलीपुढेच, म्हणजे धुरावर भागायचं. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत संपून जाणार, आणि आपल्या हातची भाकर त्याच्या तोंडापर्यंत जाणार नाही, एवढं तिला दिसत होतं.

वैशाखात नत्थुजी माळी डांगरं, रेतीतली खरबुजं, विकायला आला. पूर्णेचं पाणी उतरलं की तो नदीच्या रेतीत वाडी लावायचा, जत्रेच्या बेटाच्या अगदी समोर. त्याने डांगरांची पाटी उतरवली, ओसरीवरच्या खुशालरावांकडे पाहिलं आणि चकित झाला.

"हे काय हो वहिनी? यायले काय झालं? काल तं चांगले होते!"

"काल कुठं पाह्यलं तुमी यायले?"

"बेटावर! रोजच पायतो. दुपारी धूर निघते तुमच्या जागेवर. मले वाटलं नवस असन काही, म्हनून तुमी दोघं रोज येता. म्या एक-दोनदा हात बी केला तुमाले. तुमी पाह्यलं नाई."

"आमी दोघं?" मनकर्णाबाईने विचारलं.

"हो न. हे जेवत असतात, तुमी वाढत असता." नत्थुजीने दोघी बायांची तोंडं पाहिली आणि त्याचं बोलणं मंदावलं. "दुरून दिसते म्हना. उन्हाचं."

पार्बताबाईने डांगर हातातून खाली ठेवलं. "मनकर्णे," ती म्हणाली, "त्या दिवशी चूल निजवली होती का तू?"

४

नाही. निजवली नव्हती.

पूर्णेच्या दोन धारांमध्ये ते बेट आहे. वर्षातून तीन दिवस, माघात, तिथे देवीची जत्रा भरते. इतकी की माणसाला माणूस चिकटतं. एरवी तिथे कोणी पाऊल ठेवत नाही. प्रत्येक घराची तिथे आपली जागा ठरलेली. तीन दगड मांडायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी आणि वरण करायचं, देवीला दाखवायचं आणि तिथेच जेवायचं. आणि निघताना पाणी शिंपडून तिन्ही दगड आडवे करायचे. याला म्हणतात चूल निजवणं. का, ते कोणी सांगत नाही. सुनेला सासू शिकवते, ती पुढे आपल्या सुनेला.

त्या दिवशी खुशालराव पानावर बसले होते. दोन रोडगे झाले होते, मनकर्णाबाई तिसरा घेऊन "घ्या एक" म्हणत होती, आणि तेवढ्यात गावचा माणूस धावत आला. अमरावतीचा दलाल गाड्या घेऊन दारात उभा आहे, आजचा भाव उद्या नाही, दुसऱ्या गावाला चाललाय! झालं. खुशालराव अर्ध्या पानावरून उठले. पार्बताबाई ओरडत राहिली, "अरे, भरल्या पानावरून उठू नाई!" पण कोण ऐकतो? कापूस म्हटलं की त्या साली माणसाच्या अंगात यायचं. मनकर्णाबाईने हातातला रोडगा पानावर टाकला, भांडी तशीच गोळा केली आणि धावली. गाडीत बसल्यावर तिला चूल आठवली होती. पण गाडी थांबवा म्हणायची तिची छाती झाली नाही.

"जाय," पार्बताबाई म्हणाली. "मी याच्यापाशी बसतो. जाय, अन् चूल निजवून ये. पन ध्यानात ठेव, मानूस पानावर असला तं आधी त्याचं पोटभर होऊ दे. जेवत्याच्या चुलीत पानी टाकू नको."

५

नत्थुजी पाण्याच्या काठापर्यंत आला आणि थांबला. "मी अथीच हाय, वहिनी. जत्रेबिगर तिकडं आमी जात नाई," म्हणाला. पाणी गुडघ्याइतकंच होतं. मनकर्णाबाई एकटी पलीकडे गेली.

बेट तिने कधी रिकामं पाहिलं नव्हतं. रहाटपाळण्याचे दोन खांब तसेच उभे होते, पाळणे नव्हते. हलवायाच्या भट्टीचा खड्डा होता, त्यात वाळकी पानं. कासाराची दुकानं बसायची त्या ओळीला रेतीत काचेचे तुकडे लकाकत होते. जिथे हजार माणसं ओरडतात तिथे कोणीच नसलं की ती जागा कान टवकारून बसल्यासारखी वाटते. ऊन मी म्हणत होतं. पाखरू नाही, वारा नाही. आपल्याच पैंजणांचा आवाज तिला नकोसा झाला. तिने वाकून ते काढले आणि ओच्यात टाकले.

एखादा गोसावी असेल, तिने स्वतःला समजावलं. आयती मांडलेली चूल दिसली, राहिला असेल बापडा. नत्थुजीची नजर तरी कुठे धड राहिलीय? गोसाव्याला चार शब्द सुनावायचे आणि जागा मोकळी करायची. असं तिने दोनदा मनात घोकलं.

देवीच्या ओट्यामागे चिंचेचं झाड आहे, त्याच्यापलीकडे त्यांची जागा. झाडापर्यंत पोचली आणि तिला भांड्यात पळी घातल्याचा आवाज आला. पितळेचा, ओळखीचा. पाठोपाठ वास आला. वांग्याच्या भाजीचा, भाजल्या कणकेचा, पातळ केलेल्या तुपाचा. आणि मग बाईचा आवाज आला, "घ्या एक."

मनकर्णाबाईने चिंचेच्या खोडाला हात लावला. आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकू आला तर कसा वाटेल, हे माणसाला ठाऊक नसतं. तरी ओळखू येतोच.

६

ती खोडाआडून पुढे झाली, पण मान वर केली नाही. जमिनीवरूनच जेवढं दिसेल तेवढं पाहिलं. तीन दगडांमध्ये जाळ होता, भर उन्हात पांढुरका. पळसाची पत्रावळ होती, आत्ताच टाचल्यासारखी हिरवी. पुरुषाची मांडी दिसली, आणि भरलेलं, तेल लावल्यासारखं तुकतुकीत मनगट. माघाच्या आधीचं मनगट. त्या हाताने घास मोडला, तुपात बुडवला.

"पुरे आता," पुरुष म्हणाला. समाधानाचा आवाज होता तो. तो आवाज तिने घरात तीन महिने ऐकला नव्हता, आणि तिला एकदम रडूच आलं.

"घ्या न," बाई म्हणाली, आणि पानावर आणखी एक रोडगा पडला.

वाढणारा हात मनकर्णाबाईला दिसला. मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं, त्याची डावी रेघ तिरपी गेलेली. मनकर्णाबाई सात वर्षांची असताना गोंदणारणीच्या सुईला घाबरून तिने हात ओढला होता, तेव्हा गेली ती रेघ. पण हा हात नुसता हाडाचा होता. बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या.

पान रिकामं व्हायचं, आणि तो हात वाढायचा. पुन्हा रिकामं व्हायचं, पुन्हा वाढायचा. शेवटी मनकर्णाबाईच बोलली. कोणाला बोलली, आपल्याला का तिला, देव जाणे.

"आता वाढू नको. पोट भरलं त्यायचं. उठू दे."

हात तिथल्या तिथे थांबला. पुरुषाने उरलेला घास खाल्ला, पत्रावळ बोटाने निपटली, पाणी प्यायला, पानावरच हात धुतला. उठला. त्याची पावलं रेतीत करकरत तिच्या अगदी जवळून नदीकडे गेली. तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडले तेव्हा रेतीवर एकच माग होता, तिचा स्वतःचा, आलेला.

झालं एकदाचं! तिने लोट्यात आणलेलं पाणी हातात घेतलं. आता शिंपडायचं, तीन दगड आडवे करायचे, आणि पळायचं. पाऊल टाकलं आणि थबकली.

ती दुसरी पानावर बसली होती. नवऱ्याच्या उष्ट्या पानावर, बाईमाणूस बसतं तशी, एक गुडघा वर करून, पदर पुढे ओढून. निखाऱ्यातून तिने शेवटचा रोडगा काढला. करपलेला होता तो, एका बाजूने फुटलेला. वाढणारीच्या वाट्याला येतो तसलाच. तिने तो पानावर ठेवला, आणि खाल्ला मात्र नाही. नुसती बसून राहिली, कोणाला काही हवं आहे का याची चाहूल घेत.

ओत पाणी, मनकर्णाबाईचं मन ओरडत होतं. ओत आणि मोकळी हो. नवरा जेवून उठला, तुझं काम झालं, ही कोण तुझी? पण माघापासून ती वाढत होती. उपाशी पोटी, एक दिवस न चुकता. जेवत्याच्या चुलीत पाणी टाकायचं नाही, मग जी अजून जेवलीच नाही तिच्या चुलीत कसं टाकायचं? आपण आयुष्यात किती वेळा पहिला घास हातात धरून कोणाच्यातरी हाकेला उठलोय, ते मनकर्णाबाईला एकाएकी ओळीने आठवलं. भीती होतीच. पण तिच्यावर दुसरंच काहीतरी चढून बसलं.

तिने लोटा हळूच जमिनीवर ठेवला.

"जेव बाई," ती म्हणाली. "सावकाश जेव. कोनी हाका मारत नाई तुले."

पदराखालची मान तिच्याकडे वळायला लागली. मनकर्णाबाई तोंड फिरवून चालायला लागली, मग धावायला लागली, आणि नत्थुजीने हाताला धरून काठावर ओढेपर्यंत थांबली नाही.

७

घरी पोचली तर अंगण माणसांनी भरलेलं. तिची पावलं अंगणाबाहेरच अडली. पण लोक हसत होते. खुशालराव दुपारी एकाएकी उठून बसले होते आणि "भूक लागली, काही वाढता का उपाशी मारता?" म्हणून ओरडले होते. पार्बताबाईने भाकरी थापता थापता डोळे पुसले, आणि खुशालरावांनी चार भाकरी खाल्ल्या, मोजून चार. पार्बताबाई सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवत होती.

"चूल निजवली न?" तिने भावजयीच्या कानाशी विचारलं.

"निजवली," मनकर्णाबाई म्हणाली.

खुशालरावांचं अंग पाहता पाहता भरलं. ज्येष्ठ उजाडायच्या आत ते वावरात जायला लागले. वहाणांचा आवाज, रांजणाचा, पाटाचा, सगळं पहिल्यासारखं झालं. मनकर्णाबाई वाढायची आणि समोर बसून ते जेवताना पाहायची. सुख वाटायचं तिला. खोटं कशाला बोला, खूप सुख वाटायचं.

पुरुष जेवला नाही तेव्हा दोन कोसांवरून वैद्य आले होते, सगळं गाव दाराशी लोटलं होतं. बाई कधी जेवते हे कोणी पाहिलंय? सगळ्यांचं उरकल्यावर, चुलीच्या भिंतीआड, एकटी. मनकर्णाबाई आपल्या वाट्याची भाकर रोज कुस्करून गाईच्या दावणीत टाकायची आणि भांडी घासायला घ्यायची. पोट भरलेलंच वाटायचं, तोंडात दिवसभर करपलेल्या कणकेची चव असायची. पार्बताबाईची नजर तेवढी कधीकधी तिच्यावर रेंगाळायची, पण तिनेही आता भावाकडे पाहून सुटकेचा श्वास सोडला होता.

एका दुपारी खुशालरावांचं जेवण झालं. मनकर्णाबाई हातावर पाणी घालत होती. तांब्या वर उचलताना तिच्या बांगड्या घरंगळून कोपरापर्यंत गेल्या. खुशालरावांचं लक्ष गेलं.

"हे काय? बांगड्या इतल्या सैल काहून झाल्या तुह्या?"

मनकर्णाबाईचा हात थांबला. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी, नव्हे वर्षांनी, ते तिच्याकडे नीट पाहत होते.

"कासार आला की दुसऱ्या भरून घे," खुशालराव म्हणाले. "लहान मापाच्या. अन् चांगल्या घे, आता काही कमी नाई आपल्याले." धोतराला हात पुसून ते ओसरीवर गेले.

"बरं," मनकर्णाबाई म्हणाली, आणि तिने त्यांचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.